यंत्रमानवाची वीज : जोडणी आणि राखण

यंत्रमानव हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे दोन पायांवर चालणारी, डोळे लुकलुकवणारी पत्र्याची बाहुली उभी राहते. याला थोडेबहुत कारण त्या शब्दाची जन्मकथा आहे. कारेल चापेक या चेक नाटककाराने १९२० साली लिहिलेल्या नाटकात ‘रोबोट’ हा शब्द प्रथम आला. तो ज्या चेक शब्दावरून घडविला त्याचा अर्थ वेठ. आपल्याकडचा वेठबिगार हा शब्द त्याला अगदी जवळचा आहे. परंतु कारखान्यात जो यंत्रमानव खरोखर राबतो त्याला ना डोके असते ना पाय. असतो तो एकच हात, जमिनीला बोल्टांनी जखडलेला, खांदा, कोपर, मनगट असे बहुधा सहा सांधे असलेला. १९६१ साली अमेरिकेतील जनरल मोटर्सच्या एका कारखान्यात असा पहिला हात कामाला लागला, आणि तेव्हापासून त्याचे रूप पुष्कळ सुधारले तरी जात बदललेली नाही.

या हाताच्या शेजारी, कपाटाच्या अर्ध्याएक उंचीची, करड्या रंगाची एक लोखंडी पेटी उभी असते. कारखान्यात तिला कंट्रोलर म्हणतात. आम्ही नुसती पेटी म्हणू. पाहावयास येणारे सारे हाताकडे पाहतात, पेटीकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. आज आम्हांस त्या पेटीविषयी, आणि त्यातही तिच्यात शिरणाऱ्या विजेविषयी बोलावयाचे आहे. आमच्या पनवेलची ख्याती एके काळी बैलगाडीच्या चाकांसाठी होती. आज सकाळी नाक्यावर उभे राहिले तर तळोजे, पाताळगंगा, रसायनी या बाजूंना जाणाऱ्या कंपन्यांच्या बसगाड्या दिसतात, आणि त्यांत आपल्यापैकी कोणाचा मुलगा, कोणाचा जावई बसलेला असतो. त्यांतल्या एखाद्याला आज ना उद्या त्या पेटीचे दार उघडून आत हात घालावा लागतो. तो हात सुखरूप बाहेर यावा यासाठी काय काय करावे लागते, एवढाच आजचा विषय.

पेटीच्या पोटात काय आहे ते आधी पाहू. कारखान्याला मिळणारी वीज तीन फेजांची, फेज ते फेज ४१५ व्होल्टची. पेटीत आल्यावर ती पुष्कळदा प्रथम एका ट्रान्स्फॉर्मरमधून जाते, कारण काही परदेशी यंत्रे, विशेषतः जपानी, तीन फेजांच्या २०० व्होल्टांवर चालावयाची असतात. नंतर ती एकदिश करून मोठमोठ्या कपॅसिटरांत साठविली जाते. ४१५ व्होल्ट सरळ एकदिश केले तर साठ्याचा दाब ५८७ व्होल्टच्या आसपास जातो. या साठ्यातून सहा सांध्यांच्या सहा मोटारींना हवी तशी, हवी तेवढी वीज चिरून दिली जाते. शिवाय हिशेब करणारा मेंदू, दारावरची सुरक्षा-बटणे, दिवे यांना २४ व्होल्टचा निराळा पुरवठा. म्हणजे एकाच कपाटात २४ व्होल्टची गरीब गाय आणि ५८७ व्होल्टचा वाघ शेजारी शेजारी बांधलेले असतात, आणि दोघांच्या दोऱ्या दिसावयास सारख्याच.

या पेटीची राखण दोन प्रकारची आहे. एक, वाईट विजेपासून पेटी वाचविणे. दुसरी, पेटीपासून माणूस वाचविणे. आमचा अनुभव असा की पहिलीवर मालक खुशीने पैसा खर्च करतो, कारण पेटी महाग आहे. दुसरीला पैसा फार लागत नाही. एक चांगली हिरवी तार, एक कुलूप आणि थोडा धीर. म्हणूनच की काय, ती मागे पडते.

वीज जाते तेव्हा काय होते, येथून सुरुवात करू. १२ ऑक्टोबर २०२० ही तारीख अनेकांच्या लक्षात असेल. त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईकडची वीज एकाएकी गेली. लोकलगाड्या रुळांवर उभ्या राहिल्या. घरात लाइट गेले की पंखा थांबतो, आपण वारा घालीत बसतो. पण ज्या यंत्रमानवाने त्याच क्षणी पन्नास किलोचे पोते उचलून डोक्यावर धरले आहे त्याचे काय? मोटारीची शक्ती गेली. हात खाली पडावयास हवा. तो पडत नाही, कारण प्रत्येक सांध्यात एक ब्रेक आहे आणि त्या ब्रेकची रचना आपल्या सायकलच्या ब्रेकच्या उलट आहे. सायकलचा ब्रेक दाबला की लागतो. येथे मजबूत स्प्रिंग ब्रेकला सदैव आवळून धरीत असते आणि वीज त्या स्प्रिंगला मागे ओढून ब्रेक सोडविते. वीज आहे तोवर सांधा मोकळा. वीज गेली की स्प्रिंग आपला धर्म पाळते आणि सांधा जखडला जातो. विजेने चालणारी सुरक्षा विजेबरोबरच जाईल, हे ओळखून केलेली ही योजना आहे. सगळ्या सुरक्षा-मंडळांत हेच तत्त्व दिसेल: धोक्याचे लाल बटण दाबले की तार जोडली जात नाही, तुटते. त्यामुळे ती तार उंदराने कुरतडली तरी यंत्राला बटण दाबल्यासारखेच वाटते आणि ते थांबते. हाताच्या टोकाला हवेच्या ओढीने माल धरणारी चकती असेल तर मात्र निराळी व्यवस्था करावी लागते. नाही तर हात जागच्या जागी राहील आणि पोते खाली येईल.

आणि वीज परत येते तेव्हा? घरातला पंखा आपोआप फिरू लागतो. यंत्रमानवाने तसे करता कामा नये. मध्यंतरी कोणी माल काढावयास कुंपणाच्या आत गेलेला असू शकतो. म्हणून वीज येताच पेटी जागी होते पण मोटारींना शक्ती देत नाही. माणसाने आत कोणी नाही हे पाहून, बाहेरून मुद्दाम बटण दाबावे लागते. हा वेळ वाचविण्यासाठी त्या बटणाला बगल देणारे हुशार लोक आम्ही पाहिले आहेत.

आता जोडणी. पेटीपर्यंत येणारी केबल पेटीची भूक पाहून निवडावी लागते. लहान यंत्रमानवाला एक-दोन केव्हीए पुरतात, मोठ्याला दहा-पंधरा लागू शकतात; नेमका आकडा पेटीवरच्या पाटीवर असतो आणि तो वाचण्यात कमीपणा नाही. केबलच्या आरंभी जो ब्रेकर बसतो तो मुख्यतः केबलची राखण करण्यासाठी आहे, हे विसरले जाते. जुन्या घरांतला चिनी मातीचा किटकॅट फ्यूज आठवा. तो वारंवार जाऊ लागला की घरातला कर्ता पुरुष त्यात जाड तार घालीत असे आणि ‘आता जाणार नाही’ म्हणून समाधानाने हात झटकीत असे. फ्यूज जात नसे हे खरे. पण मग भिंतीतली तार जात असे. ३२ अँपिअरचा ब्रेकर पडतो म्हणून तेथे ६३ अँपिअरचा बसविणे हा त्याच कर्त्या पुरुषाचा कारखान्यातला अवतार होय. ट्रान्स्फॉर्मर चालू होताना क्षणभर मोठा घोट घेतो. त्या घोटाने ब्रेकर पडत असेल तर त्याला उपाय आहे, पण तो अधिक सहनशील जातीचा ब्रेकर निवडण्याचा, आकडा वाढविण्याचा नव्हे.

ट्रान्स्फॉर्मरला निरनिराळ्या दाबांसाठी निरनिराळे टप्पे असतात, ३८०, ४००, ४१५, ४४० असे. पेटी परदेशाहून येताना कोणत्या टप्प्यावर जोडलेली आहे ते चालू करण्यापूर्वी पाहावे लागते.

याहून फसवा आहे तो रंगांचा घोटाळा. आपल्याकडे वायरमन पिढ्यान् पिढ्या शिकत आला तो असे: लाल, पिवळा, निळा हे तीन फेज, काळा न्यूट्रल, हिरवा अर्थ. परदेशातून, विशेषतः युरोपातून, येणाऱ्या केबलीत तपकिरी, काळा, करडा हे फेज असतात आणि निळा न्यूट्रल. म्हणजे जो काळा आपल्या मिस्त्रीला निरुपद्रवी वाटतो तो तेथे जिवंत फेज आहे, आणि तेथला निरुपद्रवी निळा आपल्याकडे फेज आहे. दोन्ही केबली एकाच पेटीत भेटतात तेव्हा कोणी मूर्ख नसताही अपघात होऊ शकतो. रंगावर विश्वास न ठेवता दर तारेला क्रमांकाचे चिठोरे बांधणे आणि मीटरने दाब तपासूनच लग आवळणे, हाच येथे मार्ग. हिरव्या-पिवळ्या पट्ट्यांची अर्थची तार मात्र दोन्हीकडे तीच आहे. एवढ्या बाबतीत जगाचे एकमत झाले आहे.

या हिरव्या तारेपाशी आम्ही थोडे थांबणार आहोत, कारण तिच्याविषयी जेवढा गैरसमज आहे तेवढा विजेच्या दुसऱ्या कोणत्याच अंगाविषयी नसेल. अर्थिंग म्हणजे काय असे विचारले तर बहुतेक उत्तर देतील: जमिनीत खड्डा खणावा, त्यात पत्रा किंवा नळी पुरावी, कोळसा आणि मीठ घालावे, उन्हाळ्यात पाणी ओतावे, मग चुकार वीज त्या खड्ड्यात जिरते. पावसाचे पाणी जमिनीत जिरावे तशी वीज जिरते, ही कल्पना सोपी आहे, आणि चुकीची आहे. वीज कोठेही जिरत नाही. ती जेथून निघाली तेथे, म्हणजे ट्रान्स्फॉर्मरच्या न्यूट्रलकडे, परत जाते. परतीची वाट मिळाली नाही तर निघतच नाही.

समजा, पेटीच्या आत एका फेजची तार सुटून लोखंडी अंगाला लागली. पेटीला खड्ड्यातली अर्थ आहे, तिचा रोध ३ ओहम. तिकडे ट्रान्स्फॉर्मरच्या न्यूट्रलच्या खड्ड्याचा रोध १ ओहम. मातीतली वाट म्हणजे एकूण ४ ओहमची. फेज ते न्यूट्रल दाब २४० व्होल्ट. भागाकार केला की प्रवाह येतो ६० अँपिअर. ३२ अँपिअरच्या ब्रेकरला ६० अँपिअर म्हणजे दुपटीहूनही कमी. तो तापेल, विचार करील आणि काही वेळाने, कदाचित मिनिटांनी, पडेल. तेवढा वेळ पेटीच्या अंगावर ६० गुणिले ३, म्हणजे १८० व्होल्ट उभे असतील. आणि नेमक्या त्याच वेळी कोणी दाराच्या मुठीला घामेजलेला हात लावील. खड्डा शास्त्रोक्त होता, मीठ-कोळसा होता, पाणीही घातले होते!

आता दुसरी रचना पाहा. त्याच पेटीच्या अंगापासून एक भरभक्कम तांब्याची तार केबलीबरोबरच निघून वितरण-फळीवरून थेट ट्रान्स्फॉर्मरच्या न्यूट्रल-अर्थपाशी जाऊन मिळाली आहे. जाऊन-येऊन रोध, समजा, ०.२ ओहम. प्रवाह १२०० अँपिअर. नेहमीच्या जातीचा ३२ अँपिअरचा ब्रेकर दहा पटींना, म्हणजे ३२० अँपिअरला, क्षणार्धात पडतोच. येथे तो डोळ्याचे पाते लवण्याच्या आत पडेल. माणसाला वाचविले ते मातीने नव्हे, त्या धातूच्या परतीच्या वाटेने. खड्डा लागतो, त्याची कामे आहेत, वीज कोसळते तेव्हा तो उपयोगी पडतो, आणि आपल्या अर्थिंगच्या भारतीय मानकात, आयएस ३०४३ मध्ये, त्याचे नियम दिलेले आहेत. परंतु यंत्रमानवासाठी ‘स्वतंत्र, स्वच्छ’ खड्डा खणून पेटी बाकीच्या अर्थपासून तोडून टाकण्याची जी एक टूम निघाली आहे ती वरच्या हिशेबाने पाहिली तर जिवाशी खेळ आहे. पेटी, हात, कुंपण, वेल्डिंगचे टेबल हे सारे एकमेकांशी जोडून एकाच अर्थवर असले पाहिजे, म्हणजे एक हात पेटीवर आणि दुसरा कुंपणावर ठेवणाऱ्याला दोहोंत फरक जाणवणार नाही.

आणि ती तार आवळावयाची कशी? एका शेडमध्ये (नाव सांगण्याचे कारण नाही) आम्ही पाहिले, अर्थची तार उत्तम जाडीची, लग तांब्याचा, बोल्ट चकचकीत. आणि तो बोल्ट पेटीच्या रंगावर आवळलेला. रंग खरवडलाच नव्हता. मीटर लावला तर पेटी आणि अर्थ यांच्यामध्ये ओहमचा पत्ता नाही. दोन वर्षे ते यंत्र तसे चालत होते, कारण अर्थ नसताना यंत्र अगदी व्यवस्थित चालते. तिच्या गैरहजेरीची बातमी एकदाच मिळते.

घरोघरी आता गळती पकडणारे स्विच आले आहेत, तीस मिलिअँपिअरचे. शरीरातून तीसेक मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह काही क्षण वाहिला तर हृदयाची लय बिघडण्याचा धोका असतो, म्हणून हा आकडा. मग तोच स्विच यंत्रमानवाला का लावू नये? लावतात, आणि तो दिवसातून चार वेळा पडतो. पेटी साठ्यातली वीज सेकंदाला हजारो वेळा चिरीत असते. त्या चिरण्याचा गोंगाट बाहेर पडू नये म्हणून तिच्यात गाळण्या बसविलेल्या असतात आणि त्या थोडासा प्रवाह सतत अर्थकडे सोडतात. हा दोष नव्हे, तिचा स्वभाव आहे. स्विच बिचारा त्यालाच गळती समजतो. चार वेळा पडल्यावर पाचव्या वेळी कोणी तरी त्याला वळसा घालून तार जोडतो, आणि मग खऱ्या गळतीलाही पहारेकरी उरत नाही. पेटीसाठी शंभर किंवा तीनशे मिलिअँपिअरचा, आणि एकदिश गळतीही ओळखणारा ‘बी’ जातीचा स्विच घ्यावा लागतो. साधा स्विच एकदिश गळतीने आंधळा होतो. तीस मिलिअँपिअरचा स्विच जेथे ड्रिल, ग्राइंडर हातात धरून चालवितात त्या सॉकेटांवर ठेवावा. आणखी एक. पेटी अर्थवाटे सतत प्रवाह सोडते, म्हणजे ती हिरवी तार तुटली तर तो प्रवाह पेटीला हात लावणाऱ्यातून वाट शोधील. म्हणून हा प्रवाह दहा मिलिअँपिअरच्या वर असेल तर अर्थची तार निदान दहा चौरस मिलिमीटर तांब्याची असावी, किंवा एकीच्या जोडीला दुसरी असावी, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे.

कोकणातल्या हवेचा उल्लेख केलाच पाहिजे. वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा कोसळतात आणि त्यांचे धक्के तारांवरून आत येतात. त्यासाठी फळीवर सर्ज अरेस्टर बसवावे, आणि त्यांच्या तारा दोन्ही बाजू मिळून अर्ध्या मीटरच्या आत ठेवाव्यात, कारण लांब तार त्या धक्क्याला स्वतःच अडविते आणि तो पेटीकडे वळतो. पावसाळ्यात रात्री पेटी बंद करून थंड झाली की आत दव धरते. सकाळी एकदम चालू केली की ठिणगी. केबल खालून आत घ्यावी, ग्लँड घट्ट असावा, दाराचे रबर शाबूत असावे. रासायनिक कारखान्यांच्या शेजारी तांबे काळे पडते, म्हणून बोल्ट वर्षातून एकदा उघडून पाहावेत. उंदरांविषयी पनवेलकरांना आम्ही काय सांगावे.

आता शेवटचा आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग: पेटी बंद करणे. सर्वांना ठाऊक असलेले ते पिवळ्या पाठीवरचे लाल बटण मोटारींची शक्ती तोडते. ती तोडण्यासाठी एकामागे एक असे दोन कॉन्टॅक्टर असतात, म्हणजे एक चिकटून बसला तरी दुसरा तोडील. परंतु ट्रान्स्फॉर्मर जिवंत राहतो, मेंदू जिवंत राहतो, साठाही राहू शकतो. ते बटण यंत्र थांबविण्यासाठी आहे, दुरुस्तीसाठी नव्हे. दुरुस्तीसाठी मेन स्विच. आणि मेन स्विच बंद केल्यावरही त्याच्या वरच्या बाजूला, जेथे केबल येऊन मिळते तेथे, ४१५ व्होल्ट तसेच असतात. तेथे हात घालावयाचा तर मागच्या फळीवरचा आयसोलेटर बंद केला पाहिजे.

२५ जानेवारी १९७९ रोजी अमेरिकेतील फ्लॅट रॉक येथे फोर्डच्या कारखान्यात रॉबर्ट विल्यम्स हा कामगार ओतीव भाग काढण्यासाठी रॅकवर चढला असता चालू यंत्राच्या हाताचा तडाखा बसून मरण पावला. १९८१ साली जपानमध्ये आकाशी येथील कावासाकीच्या कारखान्यात केंजी उराडा हा कामगार बिघडलेला यंत्रमानव पाहावयास गेला. कुंपणाचे दार उघडले असते तर यंत्राची शक्ती तुटली असती. तो दार न उघडता कुंपणावरून आत गेला, असे त्या वेळच्या वृत्तान्तांत आले. दोघांपैकी कोणालाही विजेचा झटका बसला नव्हता. यंत्राला वीज मिळत होती, एवढेच कारण पुरले.

म्हणून आत जाणारा माणूस प्रथम आयसोलेटर बंद करतो आणि त्याला स्वतःचे कुलूप लावतो. आत दोघे जाणार असतील तर दोन कुलपे, दोन किल्ल्या, ज्याची त्याच्या खिशात. मग तो पाटीवर लिहिलेली मिनिटे थांबतो, कारण कपॅसिटरांत भरलेले पाणी हळूहळू ओसरते. घाई करणाऱ्यांना तो साठाच पहिला भेटतो. मग मीटर. तो आधी जिवंत तारेवर लावून पाहावयाचा, मग पेटीत, मग पुन्हा जिवंत तारेवर; नाही तर मीटरच मेलेला असतो आणि आपण पेटी मेली समजतो. टेस्टरच्या दिव्यावर येथे विसंबू नये. आणि मोटार काढावयाची असेल तर हाताला खालून टेकू द्यावयाचा, कारण ब्रेक मोटारीबरोबरच निघून येतो. वीज तोडली तरी त्या हाताचे वजन तोडता येत नाही.

कधी कोणी कुलूप तसेच ठेवून, किल्ली खिशात घालून घरी जातो. दुसऱ्या पाळीचे काम खोळंबते, फोन होतात, पर्यवेक्षक चिडतो, आणि तो माणूस जेवणावरून उठून पनवेलहून पुन्हा तळोज्याला येतो. त्याच्याशी प्रत्यक्ष बोलणे झाल्याशिवाय कोणी ते कुलूप तोडीत नाही. कारण तो घरी जेवावयास बसला आहे की पेटीच्या मागे अंग चोरून बसला आहे, हे कुलपाकडे पाहून कळत नाही.